चुकीने झालेली नोंद

शुक्रवारी सकाळी करुणानं पोह्यांची बशी बाजूला सारली, जात पडताळणीचा अर्ज टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाली, "मी यावर सही करणार नाही." एवढंच झालं. कुणाचा आवाज चढला नाही, काही फुटलं नाही, बाहेरून दूधवाला नेहमीसारखा हॉर्न वाजवत गेला. तिची आई निता ओट्याशी लिंबू कापत होती, तिचा हात थांबला. बाप प्रज्ञेश दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकत होता, तो हात खिशातच ठेवून उभा राहिला. आणि आजोबा, म्हणजे मुंजाजी ग्यानोबा खिल्लारे, मुंबईतल्या केंद्र सरकारच्या एका खत कारखान्याचे निवृत्त उपमहाव्यवस्थापक, ज्यांना हिंगोलीत रिक्षावाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे साहेबच म्हणतात, ते पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "काहून पण?" प्रज्ञेश म्हणाला. "मंगळवार शेवटची तारीख हाये, बाई. ओपनच्या यादीला तुला बेचाळीस मार्क कमी पडून राहिले. आपल्या यादीत नांदेडला सरकारी कॉलेजात आरामात नंबर लागतो. डॉक्टर होशील. कोण सोडतं असं?" करुणा अठरा वर्षांची, हाडं आईची आणि हट्ट कुणाचा ते सांगायला नको. ती म्हणाली, "आबांनी सोडलं होतं की. आबा ओपनमधून लागले. त्यांना जमलं तर मला काहून जमू नये? पुढच्या वर्षी पुन्हा बसते." मग ती पेपराच्या दिशेनं वळली आणि पाठ केल्यासारखी म्हणाली, "कुबडी फेकल्याशिवाय पायात बळ येत नाही. तुमचंच आहे ना, आबा?" त्यांचंच होतं. गेल्या नोव्हेंबरात वाचकांच्या पत्रांत छापून आलं होतं, 'नव्या पिढीस' असा मथळा देऊन, चौकटीत.

खरं म्हणजे माणसानं अशा वेळी फुलून जावं. नात आपलं वाक्य तोंडपाठ म्हणते, नुसतं म्हणत नाही तर त्यावर आपलं अख्खं आयुष्य लावते, हे भाग्य किती आजोबांच्या कपाळी असतं? पण साहेबांना अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त धरावी आणि पाय नुसताच आदळावा तसं झालं. ते म्हणाले, "शाबास." आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. प्रज्ञेशनं बापाकडं एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, रागाचे दिवस कधीच सरले होते. जुनं दुखणं पुन्हा आलं की माणूस जसं त्याला ओळखून घेतो तसं ते होतं. मग तो अर्जावर साखरेचा डबा ठेवून, कागद उडू नये म्हणून, दुकान उघडायला निघून गेला. बसस्टँडजवळ त्याचं औषधाचं दुकान आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही असं लोक म्हणतात. त्याला स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं, सत्त्याण्णव साली, आणि दोन मार्कांनी राहिलं होतं, हे लोकांना ठाऊक नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

साहेब आपल्या खोलीत येऊन खुर्चीत बसले. टेबलावर वही उघडी होती, पुढच्या पत्राचा मसुदा अर्धा झालेला. फुकटच्या योजनांनी माणूस आळशी होतो. संप, मोर्चे, रस्ता रोको यांवर दहा वर्षं बंदी घालून बघावी. प्रत्येक पोराला दोन वर्षं सैन्यात घालावं, मोबाईल काढून घ्यावा, पहाटे पाचला उठवावं. ज्यांच्या घरात एकदा साहेब झाला त्या घरानं सवलत सोडावी. देश म्हणजे मोठा कारखाना, तिथं प्रत्येकानं बोलायला लागलं की बॉयलर फुटतो. पस्तीस वर्षं कामगारांच्या हजेऱ्या, रजा आणि निलंबनं बघितलेल्या माणसाला हे पटायला वाद घालावा लागत नाही. नोकरीला लागले तेच आणीबाणीच्या साली. पहिल्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी सगळे आठच्या ठोक्याला हजर होते, एक माणूस उशिरा नाही, आणि तेवीस वर्षांच्या मुंजाजीला वाटलं होतं, देश असा हवा. ते अजून तसंच वाटत होतं. फक्त आज वाचताना ती वाक्यं कुणी दुसऱ्यानं लिहून ठेवल्यासारखी दिसायला लागली. पायऱ्या चढून गुडघे थकतात, वाचून डोळे थकतात. मतंसुद्धा थकतात का हो? तीच तीच पन्नास वर्षं उचलून उचलून? त्यांनी पेनाचं टोपण लावलं. पलंगाखाली लोखंडी ट्रंक होती. तिच्याकडं न बघण्याची त्यांना इतकी सवय झाली होती, की न बघताच ती दिसायची.

संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे बागेतल्या बाकावर गेले. तिथं पाचसहा निवृत्तांची बैठक असते. देश कसा चालवावा याचा निकाल रोज साडेसहाला लागतो आणि सात वाजता सगळे घरी जाऊन भाकरी खातात. नरसिंगराव, बँकेतून निवृत्त झालेले, साहेबांचे खास. त्यांना करुणाची हकीकत साहेबांनी सांगितली. का सांगितली? कुणीतरी "शाबास" म्हणावं म्हणून. ते ज्या आवाजात म्हणायला हवं होतं त्या आवाजात. नरसिंगराव म्हणालेच. मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! साहेब, तुमच्यासारखे विचार तुमच्या समाजात सगळ्यांचे झाले ना, तर देश कुठल्या कुठं जाईल." हे वाक्य साहेबांनी या बाकावर शंभरदा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी ते खिशात टाकून घरी नेलं होतं. आज पहिल्यांदा त्यातला 'तुमच्या' शब्द दातात खडा यावा तसा आला. "तुमच्या नातवाचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "त्याचं झालं," नरसिंगराव म्हणाले, "मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं टाकून. काय करता, मार्कच पडले नाहीत पोराला." आणि ते पाकिस्तानकडं वळले. साहेब ऐकत राहिले. कोटा शब्द त्यांच्या कानात बराच वेळ राहिला. ब्याऐंशी साली कारखान्यात नवे संचालक आले होते. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी हसत म्हणालं होतं, "खिल्लारे? कोट्यातले ना?" आणि तीस वर्षांचा मुंजाजी, पानातली डाळ कालवत, सहज म्हणून गेला होता, "नाही सर. मी जनरलमधून." बस. तेवढंच. कुणी पुरावा मागितला नाही, कारण कोण कशातून लागलं याच्या फायली ज्या कपाटात होत्या त्या कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला होती. खोटं एकदा बोलावं लागतं, पुढचं लोकच बोलतात. खिल्लारे बघा, मेरिटचा माणूस. निरोपसमारंभाच्या मानपत्रात तर छापूनच आलं, चंदनी रंगाच्या जाड कागदावर, 'केवळ गुणवत्तेच्या बळावर'. ऐकता ऐकता ते त्यांनाच इतकं खरं वाटायला लागलं, की पेपरात लिहिताना हात अडखळला नाही.

पण ते सगळंच खोटं होतं असंही नाही, हीच तर तकलीफ. परीक्षेत तो पहिला आला होता. काम त्यानं मान मोडून केलं होतं. बढत्या उगाच नव्हत्या मिळाल्या. खोटं होतं ते फक्त दार. पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात पेपरात जाहिरात आली होती, कार्मिक सहायक, एक जागा, अनुसूचित जातींसाठी राखीव. औरंगाबादेत शिकून घरी पुसेगावला बसलेल्या मुंजाजीनं ती बापाला वाचून दाखवली होती आणि खालची ओळ वाचताना आवाज उतरवला होता. केंद्राच्या नोकरीत तेव्हा बौद्धांना सवलत नव्हती. राज्यात होती, दिल्लीत नव्हती. धर्म बदलला म्हणजे जात गेली, जात गेली म्हणजे सवलत गेली, असा दिल्लीचा सरळ न्याय. तो नव्वद सालापर्यंत चालला. आणि बाप कोण? ग्यानोबा. ज्यानं छप्पन सालानंतर डोक्यावर टोपलं घेऊन वस्तीतल्या दारोदारचे देव गोळा केले होते. मरीआई, म्हसोबा, खंडोबाचे टाक, शेंदराचे गोटे, सगळे टोपल्यात घालून ओढ्याच्या डोहात सोडून आला होता. माय, चांगुणा, दाराआड रडत होती, तिला म्हणाला होता, "रडू नको. त्याह्यनी आपल्यासाठी कधी डोळ्यातून पानी काढलं होतं का?" मुंजाजी हे देवाचं नाव तेवढं पोराला चिकटून राहिलं, कारण पोरगं आधी जन्मलं होतं. अठ्ठावन्न साली शाळेत घालताना मास्तरानं जात विचारली तर ग्यानोबा म्हणाला, बौद्ध. मास्तर म्हणाला, असा रकाना न्हाई. ग्यानोबा म्हणाला, "रकाना नसंल तर पाडा, मास्तर. म्या बसतो." आणि बसला खरंच, दिवस मावळेतो, शाळेच्या ओट्यावर. नोंद झाली. गावातली पहिली.

तो बाप जाहिरात ऐकून काही वेळ बिडी न पेटवता बोटांत फिरवत बसला होता. मुंजाजी म्हणू शकला असता, राहू दे बा, दुसरी बघू. त्यानं म्हटलं नाही. त्याला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की तो खाली बघत राहिला, आपल्या डोळ्यांत ते दिसू नये म्हणून. शेवटी बाच म्हणाला, "येका दिसापुरता हिंदू होतो मी. त्याला काय लागतं?" दोघं हिंगोलीला आले, तहसिलीत. कारकून प्रतिज्ञापत्राचा कागद मोठ्यानं वाचत होता, आजूबाजूला सातबाऱ्यासाठी आलेली माणसं उभी होती. धर्म हिंदू, जात महार. बराबर? "बराबर," बा म्हणाला. शाळेच्या रजिस्टरात बौद्ध अशी जी नोंद आहे ती चुकीने झालेली आहे. बराबर? तेव्हा बानं पोराकडं पाहिलं होतं. पोराकडं म्हणजे चेहऱ्याकडं नाही, त्याच्या हातातल्या सर्टिफिकिटांच्या पिशवीकडं. मुंजाजी भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवार मोजत होता. "बराबर," बा म्हणाला, आणि दुसरी शिकलेल्या माणसाच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत सही केली, प्रत्येक अक्षरावर दम घेत. बाहेर चहाच्या टपरीवर पोरानं दोन चहा सांगितले. बानं आपला तसाच ठेवला. परतीच्या गाडीत जागा होती, पण तो पुसेगावापर्यंत दांडा धरून उभा राहिला.

पुढं जे झालं त्याचं कारण गावात कुणालाच कळलं नाही. पुढच्या पौर्णिमेला विहारात, म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोलीच होती, ग्यानोबा पहिल्या ओळीतल्या आपल्या जागी बसला नाही. दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ टेकला. लोक म्हणाले, अहो पुढं या, तुमच्याबिगर कसं? तो म्हणाला, "असू द्या. इथं वारा लागतो." मग तिथंच बसत राहिला. एकीकडं वंदना म्हणायचा, एकीकडं हातानं लोकांच्या चपला नीट लावायचा, तोंडं दाराकडं, म्हणजे निघताना कुणाला वळवाव्या लागू नयेत. शहाऐंशी साली वारला तोवर, अकरा वर्षं. लोक म्हणायचे, काय माणूस, एवढं करूनही कसला गर्व न्हाई. सुटीत मुंबईहून आलेला मुंजाजी पहिल्या ओळीत खास मांडलेल्या खुर्चीत बसायचा. त्याला मागं वळून बघायची वेळ येत नसे. वारा लागत असेल, असं त्यानंही स्वतःला सांगितलं होतं.

शनिवार असाच गेला. अर्ज साखरेच्या डब्याखाली होता. निता दर वेळी चहाला साखर काढताना डबा उचलायची, कागद बघायची, पुन्हा डबा ठेवायची. दुपारी ती साहेबांच्या खोलीच्या दारात आली, पदराला हात पुसत. ती सहसा काही मागत नाही. म्हणाली, "बाबा, तुमचं ऐकती ती. आमचं न्हाई ऐकत. तुमी एकदा म्हना तिला, कर म्हणून. नुसतं म्हना." साहेब म्हणाले, "तिनं विचार करून ठरवलंय." निता उभीच राहिली. "आणि साहेबांच्या नोकरीच्या वेळचा येखादा जुना कागद असंल तर आणा, म्हणून राहिला तो पडताळणीतला मानूस. तुमच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं बौद्ध हाये, त्याच्या आधीच्या जातीचा पुरावा पाहिजे म्हणे. ह्यांनी सांगितलं त्याला, बाबांकडं तसला कागद न्हाई, बाबा ओपनमधून लागले." साहेबांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता. "नाहीच तसा काही," ते म्हणाले. म्हणजे पुन्हा एकदा, अगदी ताजं, आजच्या तारखेचं. निता गेल्यावर त्यांना आपल्या बायकोचा आवाज आठवला. जनकाबाईंना जाऊन चार वर्षं झाली. त्यांना ट्रंकेतलं माहीत होतं. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये, प्रज्ञेश आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेला असताना, त्या म्हणाल्या होत्या, "द्या ना लेकराला तो कागद. काहून जीव घेता त्याचा?" आणि कार्मिक व्यवस्थापक खिल्लारे म्हणाले होते, "ओपनला दोन मार्कच कमी आहेत. पुढच्या वर्षी मिळवील. कुबड्या नकोत." तेव्हा त्या वाक्याला चौकट नव्हती मिळाली. पोरगं पुढच्या वर्षी बसलंच नाही. डी. फार्मला गेलं. जनकाबाई त्यानंतर नवऱ्याशी बोलत होत्या, नांदत होत्या, सणावाराला पुरणपोळी करत होत्या, पण पंचवीस वर्षांत त्यांनी त्यांच्याकडं दुसरं काही मागितलं नाही. मोठ्या गप्पा मारतो आपण देशाच्या भवितव्याच्या, साहेबांना वाटलं. पुढची पिढी म्हणजे तिकडं भिंतीकडं तोंड करून पडलेलं एक पोरगं होतं, आणि तिच्यासाठी काय करायचं ते एका ट्रंकेच्या अंतरावर होतं. हे वाटल्यावर त्यांना धड रडूही आलं नाही. नुसतं दमल्यासारखं झालं.

रविवारी दुकान उशिरा उघडतं, म्हणून सगळे घरात होते. साहेबांनी ट्रंक स्वतः ओढली. फरशीवर ती इतकी कर्कश घासली की निता धावत आली, तिच्यामागं करुणा, तिच्यामागं दाढीला साबण लावलेला प्रज्ञेश. "बाबा, कंबर धरंल ना, मला हाक मारायची," प्रज्ञेश म्हणाला. साहेबांनी कुलूप काढलं. वरती चंदनी मानपत्र होतं, त्याखाली जनकाबाईंची एक शाल, त्याखाली खाकी पाकीट. पाकिटातला कागद घड्यांवर फाटायला आला होता. त्यांनी तो करुणाच्या हातात दिला, आणि इतकी वर्षं हजारो कामगारांना बडतर्फीची पत्रं वाचून दाखवलेल्या माणसाला पुढचं वाक्य जमेना. "वाच," एवढंच म्हणाले. ती वाचायला लागली. मी, ग्यानोबा... सत्य प्रतिज्ञेवर... हिंदू धर्माचा... शाळेतील बौद्ध ही नोंद चुकीने... ती थांबली. "चुकीनं?" ती म्हणाली. "पणजोबांनी? ज्यांनी मास्तरला रकाना पाडायला लावला ते?" ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, जयंतीला साहेब भाषणात सांगायचे. "हो. तेच," साहेब म्हणाले. "राखीव जागा होती. मी राखीव जागेवर लागलो, बाळ. ओपन-बिपन काही नाही." आणि मग एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून सगळं सांगितलं, कारकुनाचं बराबर, तसाच राहिलेला चहा, गाडीतलं उभं राहणं, चपलांजवळची जागा. सांगताना त्यांची नोकरीतली स्वच्छ भाषा कुठं सुटली त्यांना कळलं नाही. "म्या न्हाई म्हणलो न्हाई रे त्याला," ते म्हणाले, कुणाला ते कळेना. "एकदा तरी म्हणायचं होतं."

करुणा कागदावरच्या सहीकडं बघत होती, त्या मोठ्या मोठ्या अक्षरांकडं. "माझ्याशी खोटं काहून बोललात?" असं ती विचारील, ओरडेल, पेपरातलं पत्र तोंडावर फेकेल, याची साहेबांनी तयारी केली होती. तिनं विचारलं, "मग ते जेवले का त्या दिवशी?" साहेबांना आठवेना. खरंच आठवेना. "माहीत नाही," ते म्हणाले, "मी अर्ज लिहीत बसलो होतो." ती उठली, स्वयंपाकघरात गेली, डबा उचलल्याचा आवाज आला, मग सही करून पेन टेबलावर ठेवल्याचा. निता तोंडाला पदर लावून तिच्यामागं गेली. खोलीत बाप-लेक राहिले. प्रज्ञेशच्या गालावरचा साबण वाळून पांढरा पडला होता. "सत्त्याण्णवला हा कागद कुठं होता?" त्यानं विचारलं. आवाज साधाच होता, गिऱ्हाइकाला गोळी किती दिवस घेताय असं विचारावं तसा. "इथंच," साहेब म्हणाले. "ह्याच ट्रंकेत?" "ह्याच." प्रज्ञेशनं मान हलवली. "तुमी हात लावू देत नव्हते तिला," तो म्हणाला. "मला वाटायचं पैसे असतील." मग तो दाढी पुरी करायला गेला. अर्ध्या तासानं दुकान उघडायला गेला, आणि जाताना खाकी पाकीट झेरॉक्ससाठी खिशात घालून घेऊन गेला. त्यानंतर चार दिवस तो बापाशी एक शब्द बोलला नाही. सोमवारी फाईल जमा झाली हे साहेबांना नितानं सांगितलं.

त्या चार दिवसांत साहेब बागेत गेले नाहीत. नरसिंगरावांचा फोन आला, तब्येत बरी आहे ना? बरी आहे म्हणाले. वही उघडली, पेपराच्या संपादकांना एक पत्र लिहायला घेतलं, माझ्या अमुक तारखेच्या पत्रात एक चूक होती, आणि चूक शब्दावरच पेन थांबलं. मतं काही रातोरात बदलत नाहीत, या वयात तर नाहीच. शिस्त हवी असं त्यांना अजून वाटत होतं. फुकट काही नको असंही वाटत होतं. फक्त ते वाटल्यावर लगेच तहसिलीतला कारकून दिसायचा, आणि आपल्याला जे मिळालं ते कुणी किती मोल देऊन दिलं याचा विचार करावा लागायचा. तो विचार लिहून पाठवण्यासारखा नव्हता. त्यांनी वही मिटली.

गुरुवारी पौर्णिमा होती. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, पुसेगावच्या विहारात दुपारी धम्मग्रंथाचं वाचन असतं, आणि करुणाचा नांदेडला नंबर लागणार ही बातमी वस्तीत आधीच पोचली होती. तिचा सत्कार करायचा म्हणून कोंडीबाचा निरोप आला. कोंडीबा साहेबांचाच बालमित्र, विहाराचं सगळं तोच बघतो. निता, करुणा आणि साहेब जीपनं गेले. प्रज्ञेश दुकान आटोपून मोटारसायकलवर येणार होता. विहार आता पक्का आहे, फरशी, पंखे, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा मोठा फोटो, आणि पहिल्या ओळीच्या उजव्या हाताला साहेबांची खुर्ची, नेहमीची, तिच्यावर आज धुतलेला टॉवेलसुद्धा टाकलेला. करुणा आणि निता आत बायांमध्ये जाऊन बसल्या. साहेबांनी बूट काढले. आणि बाजूलाच, दाराच्या आतल्या अंगाला, भिंतीला पाठ लावून खाली बसले. बसताना गुडघा कटकन वाजला. कोंडीबा पुढून ओरडला, "अय साहेब! तिकडं काहून? खुर्ची हाये की तुमची." सगळी वस्ती मागं वळून बघायला लागली. साहेबांनी हात वर करून असू दे असं केलं. "इथं वारा लागतो," ते म्हणाले. कोंडीबानं मान डोलावली, एकाला म्हणाला, "बापाच्या वळणावर गेला बघ. एवढा मोठा साहेब, पण गर्व न्हाई," आणि वंदना सुरू झाली.

साहेब वाट बघत होते. कशाची ते त्यांना थोड्या वेळानं कळलं. ते वाऱ्याची वाट बघत होते. दार उघडं होतं, पण समोर शाळेची भिंत होती, आणि पंखा होता तो पुढच्या ओळीवर. दारातून येत होत्या त्या फक्त उन्हाच्या झळा आणि चपलांचा वास, रबराचा, घामाचा, मातीचा. पाठीवरून घाम उतरला. त्यांनी जागा थोडी सरकवून बघितली. वारा नव्हता. तेव्हाही शाळेची भिंत तिथंच होती, पंखा तर नव्हताच. अकरा वर्षं इथं वारा कधी आलेलाच नव्हता.

मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. प्रज्ञेश दारात उभा राहिला, घामाघूम, शर्टाच्या खिशात दुकानाचं पेन तसंच. त्यानं आधी पुढची रिकामी खुर्ची पाहिली, मग खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सगळे हात जोडून गाथा म्हणत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "वारा न्हाई इथं, बाबा." चार दिवसांतलं ते पहिलं बोलणं. "व्हय," साहेब म्हणाले. "न्हाई." प्रज्ञेश आणखी काही बोलेल असं त्यांना वाटलं. त्यानं चपला काढल्या, तशाच, एकीवर एक, आणि त्यांच्या गुडघ्याला पाय लागू नये म्हणून अंग चोरून आत गेला. पुढं जाऊन पहिल्या ओळीत, त्या खुर्चीशेजारी खाली बसला आणि हात जोडले. साहेबांनी त्याच्या पाठीकडं पाहिलं. डोक्यावर मागच्या बाजूला केस पिकायला लागले होते; कधी लागले? मग ते एक हात भिंतीला लावून वाकले, दुसऱ्या हातानं त्याच्या चपला ओढून घेतल्या आणि नीट मांडून ठेवल्या, तोंडं दाराकडं करून.